मनोऱ्याचा पत्ता आणि सावंतवाडीची गंजिफा

गेल्या पावसाळ्यापासून कुडाळच्या आमच्या रोलप्लेइंग खेळगटात (प्रत्येकानं एकेक पात्र वठवायचं असा खेळ) एक नवा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, चाचणीला घेतलाय. या पात्राकडे तलवार नाही, मंत्रांची पोथी नाही. कमरेच्या बटव्यात टॅरोचे 22 पत्ते, एवढंच. मुक्काम संपला की एक पत्ता ओढायचा. 'मनोरा' आला तर समोरची भिंत पाडायची ताकद, 'संन्यासी' आला तर अंधारात दिसायला लागतं. सुरुवातीचा नियम असा: पत्ता सरळ पडला तर वरदान, उलटा पडला तर तेच अंगाशी. टेबलावर नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या अर्ध्या तासात विचारतो, "हे टॅरो म्हणजे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं काहीतरी ना?" दर रविवारी तेच सांगून घसा बसला, म्हणून हे टिपण.

इजिप्तचा काही संबंध नाही. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव. 1440 मध्ये फ्लॉरेन्समधल्या एका नोटरीच्या रोजनिशीत त्याचा उल्लेख सापडतो, तोही एका सरदाराला भेट दिलेल्या जोडाचा. तेव्हा त्याला 'त्रिओन्फी' म्हणत, आणि इंग्रजीतला 'ट्रम्प' त्यातूनच आला. म्हणजे आपला हुकूम. चार रंगांचे 56 पत्ते, वर 21 कायमचे हुकूम आणि एक 'वेडा', असे 78. सम्राट, चंद्र, मनोरा, सैतान ही सगळी हुकमाची पानं. ज्या 'मृत्यू'च्या पानाला लोक आज घाबरतात ते तेरावं; बाराव्यापर्यंतच्या सगळ्यांना ते मारतं आणि चौदावं आलं की मुकाट्यानं मरतं. फ्रान्समध्ये हा डाव आजही कॉफीच्या टेबलांवर रंगतो, आणि त्या डावात कोणी कोणाचं भविष्य सांगत नाही.

भविष्य चिकटलं ते तीनशे चाळीस वर्षांनी. 1781 मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या विद्वानानं छापून टाकलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानग्रंथाचे अवशेष आहेत. पुरावा शून्य. पण खोडून तरी कोण काढणार? इजिप्तची चित्रलिपी उलगडली 1822 मध्ये, शांपोल्योंनं. तोवर चाळीस वर्षं या कथेला मोकळं रान मिळालं. त्याच काळात एतेला नावाच्या माणसानं खास भविष्य बघण्यासाठी वेगळा जोड काढला आणि उलट्या पानाला निराळा अर्थ द्यायची रीत रुजवली. आमच्या क्लासचं 'सरळ वर, उलटा शाप' हे गणित त्याच्याच दुकानातलं. पुढे 1909 मध्ये लंडनहून गूढविद्येवर लिहिणारे वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचा जोड निघाला. स्मिथबाईंनी साध्या आकड्यांच्या पानांवरही माणसं, प्रसंग रंगवले. आज 'टॅरो' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती बहुतेक त्यांचीच चित्रं. नाव मात्र बरीच वर्षं वेटसाहेबांचं आणि प्रकाशकाचंच चाललं.

आता खेळाकडे. 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असाच पात्रं वठवायचा खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार, धर्मगुरू. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत पत्ते शिरले, पण क्लास म्हणून नव्हे, वस्तू म्हणून. 'डेक ऑफ मेनी थिंग्ज'. पान ओढलं की फळ ताबडतोब: राज्य मिळेल नाहीतर जीव जाईल. ड्रॅगननं मोडली नसतील इतकी कॅम्पेनं, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारे खेळ, या जोडानं मोडली असावीत, निदान आमची तरी दोन मोडली.

खरा वळणबिंदू माझ्या मते 1983 चं 'रेव्हनलॉफ्ट'. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्यानं लिहिलेल्या या साहसात एक म्हातारी भविष्यवेत्ती पत्ते मांडते, आणि कुठलं पान पडलं त्यावरून तलवार कुठे लपवली आहे, पिशाच कुठे गाठ घेणार, हे त्या खेळापुरतं ठरतं. म्हणजे भाकीत खरं ठरतं, कारण खेळ चालवणारा डंजन मास्टर त्याप्रमाणे किल्ला मांडतो. त्यानंतर 1995 च्या 'एव्हरवे' या खेळानं फासे बाजूला ठेवून पत्त्यांवरच निकाल लावले, आणि 'पाथफाइंडर' या खेळानं 54 पत्त्यांचा 'हॅरो' नावाचा आपला स्वतंत्र जोड आणि तो वाचणारं पात्रही आणलं. पत्ता वस्तूतून निघून माणसाच्या हातात आला तो असा टप्प्याटप्प्यानं.

फासा सोडून पत्ता का, हे विचारायला हवं. वीस बाजूंच्या फाशाला आठवण नसते; आत्ता एक पडला तरी पुढच्या वेळी एक पडण्याची शक्यता तितकीच, पाच टक्के. जोडातून मात्र गेलेलं पान परत येत नाही. मनोरा यायची शक्यता आधी बावीसात एक, मग एकवीसात एक. सतरा पानं होऊन गेली तरी तो आला नसेल, तर टेबलावर एकदम शांतता पसरते. ही भीती फाशाला जमत नाही.

इथवर सगळं युरोप-अमेरिकेचं. आमच्यापासून तासाभरावर सावंतवाडी, आणि तिथे दशावतारी गंजिफा आहे हे आम्हाला क्लास अर्धा लिहून झाल्यावर आठवलं! दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे 120 गोल पत्ते. गंजिफा पर्शियाकडून आली. 1527 मध्ये बाबरानं सिंधला जोड पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीत ही कला संपत आली होती. 1970 च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून ती जगवली.

आम्ही हौसेनं जोड घेऊन बसलो आणि पहिल्याच पानाला अडलो. पत्ता गोल. सरळ कुठला, उलटा कुठला? कूर्माची पाठ कुठूनही बघा, कूर्मच. एतेलाचा अख्खा नियम कोलमडला. उत्तर गंजिफेच्याच रिवाजात मिळालं. मत्स्य ते वामन या पाच रंगांत दहा मोठा, एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंत उलट, एक्का मोठा. शिवाय दिवसा डावाची सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. म्हणून आता आमच्याकडे पत्ता उलटत नाही, रंग उलटतो, आणि पात्र दिवसा ओढतंय की रात्री यावर बळ बदलतं.

दुसरा नियम देवळातून आला. कौल लावताना आधी गाऱ्हाणं घालावं लागतं, प्रश्न उघड मांडावा लागतो, मग पाषाणाला लावलेली कळी उजवी पडते की डावी ते बघायचं. आमच्याकडेही प्रश्न मोठ्यानं विचारल्याशिवाय पान ओढता येत नाही. माझ्या मते या क्लासमधली ही सगळ्यात चांगली गोष्ट. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "देवाचो कौल खेळाक घेव नको हां." म्हणून पाषाण नाही, कळी नाही, फक्त प्रश्न घेतला.

चित्रांचा खर्च परवडेना म्हणून चाचणीचा जोड साध्या जाड कागदावर छापलाय. जुलैच्या ओलीत त्याचे कोपरे फुगले आणि मनोऱ्याची कड अशी वळली की पाठीवरूनही तो ओळखू येतो. आमचा एक गडी तीन रविवार बरोबर तेवढंच पान टाळत होता. गंजिफेवर चितारी लाखेचा हात का फिरवतात ते तेव्हा समजलं. मनोरा सध्या वाटीच्या बुडाएवढ्या पुठ्ठ्यावर नव्यानं गोल कापून, लाखेऐवजी वॉर्निश मारून व्हरांड्यात वाळत ठेवलाय. ऊन पडलं तर रविवारपर्यंत वाळेल.