साप (नाशिक परिसर)

साप : सरीसृप वर्गातील, पाय नसलेल्या, लांब व खवल्यांनी झाकलेल्या शरीराच्या मांसाहारी प्राण्यांचा गट. जगात सापांच्या सुमारे ४,००० जाती नोंदल्या गेल्या असून भारतात त्यांपैकी ३०० हून अधिक आढळतात. त्यांतील सुमारे ६० जाती विषारी असल्या, तरी देशात माणसांचे बहुतेक सर्पदंशमृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच जातींमुळे होतात, आणि या चारही जाती नाशिक जिल्ह्यात आहेत. ग्रामीण बोलीत सापाचे नाव घेण्याचे टाळतात, दिवेलागणीनंतर तर विशेषच. तो ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ असतो आणि त्याने दंश केला, की ‘पान लागलं’ असे म्हणतात. ज्याचे नावही घ्यायचे नाही, त्याची ओळख मग नीट होत नाही. त्यामुळे निरुपद्रवी साप मारले जातात आणि विषारी दंशाकडे कधी कधी दुर्लक्ष होते.

प्रदेश व जाती : पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे सह्याद्रीलगतचे तालुके अतिपावसाचे असून एकट्या इगतपुरीत वर्षाला ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडील येवला, नांदगाव आणि सिन्नरच्या काही भागाला मात्र ५०० ते ६०० मिमी.वरच वर्ष काढावे लागते. घाटातल्या ओल्या झाडोऱ्यात हिरवा चापडा हा विषारी साप असतो, तर पूर्वेच्या उघड्या, दगडाळ माळांवर फुरसे. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील त्या जलाशयात आणि कालव्यांच्या कडेने मासे-बेडकांवर जगणारा दिवड दिसतो. धामण, तस्कर, कवड्या, नानेटी, मांडूळ आणि गांडुळाएवढा वाळा हे बिनविषारी साप जिल्ह्यात अनेक ठिकाणी आढळतात.

मानवी वस्तीजवळ साप येतो तो बहुधा भक्ष्यामागे. उन्हाळ कांद्याने भरलेल्या चाळी, मक्याच्या कणसांचे ढीग आणि द्राक्षबागेत खरड छाटणी व गोडी छाटणीनंतर बांधावर रचलेल्या काड्या यांत उंदीर, सरडे, पाली वावरतात, आणि तेथेच सापाला सावली व आडोसाही मिळतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण प्राणिशास्त्राच्या कसोटीवर उतरते. मांडूळ किंवा वाळा भुसभुशीत मातीत शिरू शकतात, परंतु नागाला बीळ खणता येत नाही. तो उंदराच्या बिळात किंवा वाळवीने उभारलेल्या वारुळात राहायला जातो. वर्षभरात एक धामण किती उंदीर फस्त करते याचा हिशेब शेतकरी ठेवत नाही, पण तिला मारल्यानंतर चाळीत वाढलेले उंदीर त्याला दिसतात.

शरीर व इंद्रिये : सापाला बाहेरून दिसणारा कान नसतो व कानाचा पडदाही नसतो, म्हणून तो ठार बहिरा आहे असे दीर्घकाळ मानले जाई. वस्तुतः त्याच्या जबड्याच्या हाडाशी जोडलेले एक बारीक हाड कंपने आतील कानापर्यंत पोहोचवते. जमिनीतली कंपने त्याला चांगली कळतात आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही काही प्रमाणात जाणवतात. अंधारात पाय आपटत किंवा काठी ठोकत चालण्याची जुनी सवय त्यामुळे उपयोगी आहे. सारखी आत-बाहेर होणारी दुभंगलेली जीभ हवेतले गंधकण गोळा करून टाळूतील विशेष गंधेंद्रियाकडे नेते. तिचा दंशाशी काहीही संबंध नाही.

डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. त्यांवर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही कातीबरोबर निघतो. कात सुटण्याच्या सुमारास डोळे दुधाळ होतात, दिसणे मंदावते आणि साप चिडका होतो. ‘आंधळा साप’ पाहिल्याच्या ज्या हकिगती सांगतात, त्यांपैकी पुष्कळ या अवस्थेच्या असाव्यात. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी ताणल्या जाणाऱ्या ऊतींनी जोडलेले असल्यामुळे साप आपल्या डोक्याहून मोठे भक्ष्य सबंध गिळतो. शरीराची उष्णता त्याला बाहेरून घ्यावी लागते. त्यामुळे थंडीत तो उन्हाला येतो, आणि एकदा पोटभर खाल्ले, की आठवडाभर, मोठा साप त्याहून कितीतरी अधिक काळ, भक्ष्याशिवाय राहू शकतो.

सापांचे प्राचीनत्व या पठाराच्या खडकाहूनही जुने आहे. गुजरातेत धनंजय मोहबे यांना सापडलेल्या आणि २०१० मध्ये ‘सनाजे इंडिकस’ या नावाने वर्णिलेल्या जीवाश्मात सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा साप डायनोसॉरच्या अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेला दिसतो. नाशिकचे डोंगर ज्या लाव्हारसाचे बनले आहेत, त्याचे मोठे उद्रेक त्यानंतरचे आहेत.

चार विषारी जाती : नागाची ओळख फणा, आणि येथील नागाच्या फण्यामागे बहुधा दिसणारा चष्म्यासारखा, म्हणजे बोलीतला ‘दहाचा आकडा’. फणा काढलेला नसेल, तर मात्र तो धामणीसारखा भासतो. मादी उन्हाळ्यात ते पावसाळ्याच्या तोंडाशी दहा ते तीस अंडी घालते व सुमारे दोन महिन्यांत पिले बाहेर पडतात. पिलू पहिल्या दिवसापासून विषारी असते. घोणस जाड, तपकिरी, पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असलेली. डिवचल्यास प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार करते. ती अंडी न घालता पिलांना जन्म देते, आणि एका वेळी ती वीस ते चाळीस असू शकतात. अजगराचे पिलू किंवा ‘डुरक्या घोणस’ नावाचा बिनविषारी साप समजून तिला हाताळल्याने अपघात होतात. फुरसे जेमतेम हातभर, पण चपळ. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा खरखर आवाज करते.

मण्यारीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ती काळसर, चकचकीत असते आणि अंगावरचे पांढरे आडवे पट्टे बहुधा मानेपासून बऱ्याच अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे अधिक ठळक होतात. कवड्याचे पट्टे याउलट मानेपासून सुरू होतात व पुढे फिकट होत जातात. ती निशाचर असून अन्य साप हे तिचे आवडते खाद्य आहे. पावसाळ्यात ती घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच दंश करते. दातांची खूण दिसत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा वेदनाही होत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने किंवा घसा धरल्याने जागा होतो, पापण्या जड होतात, शब्द अडखळतात आणि अखेर श्वासाचे स्नायू निकामी होतात. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडच्या बागांवर कामाला येणारी कुटुंबे खोपटांत भुईवरच झोपतात. अशा वस्तीत पावसाळ्याच्या पहाटे अचानक उठलेली पोटदुखी अपचनाची मानून चालत नाही. खाट, आणि खाट नसेल तर गादीखाली चारही बाजूंनी घट्ट खोचलेली मच्छरदाणी, हे मण्यारीपासूनचे सर्वांत स्वस्त संरक्षण होय.

समजुती : सापाविषयी सर्वाधिक विचारले जाणारे प्रश्न दूध, डूख आणि पुंगी यांभोवतीचे असतात. साप दूध पीत नाही. दूध हे सस्तन प्राण्यांचे अन्न आहे आणि ते सापाला पचत नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीतले दूध ओढतो, कारण त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. त्यानंतर यांतील अनेक नाग मरतात. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूतही खोटी आहे: तिचे तोंड चोखण्याच्या घडणीचे नाही आणि तिचे दात आचळाला लागले, तर गाय स्वस्थ उभी राहणार नाही.

‘डूख धरणे’ हा वाक्प्रचार भाषेत पक्का रुजला असला, तरी माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याइतका सापाचा मेंदू विकसित नाही. एक साप मारल्यावर त्याच जागी दुसरा दिसतो, तो तेथील बीळ, उंदीर आणि आडोसा कायम असल्यामुळे. पुंगीवर डुलणारा नाग सुरांवर नव्हे, तर पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून स्वतःच्या बचावासाठी हलत असतो. नागमणी अस्तित्वात नाही. नाग व धामण यांची जोडी ‘लागते’ म्हणून जो प्रकार लोक दुरून पाहतात, तो सहसा एकाच जातीच्या दोन नरांमधील झुंज असतो. ते एकमेकांभोवती पीळ घालून प्रतिस्पर्ध्याला खाली दाबू पाहतात.

मांडुळाविषयीचा गैरसमज सर्वांत घातक ठरला आहे. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असल्याने त्याला दुतोंड्या म्हणतात आणि तो गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो या थापांवर त्याची लाखो रुपयांची तस्करी चालते. मांडूळ उंदरांची पिले खाणारा अत्यंत शांत साप आहे, त्याहून काही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मांडूळ, नाग, घोणस, धामण, अजगर यांसारख्या जातींना संरक्षण असून त्यांना पकडणे, बाळगणे वा त्यांचे खेळ करणे गुन्हा आहे. घरात साप निघाल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

पूजा व प्रतीके : श्रावण शुद्ध पंचमीला पाटावर हळद-चंदनाने नाग काढून किंवा वारुळापाशी जाऊन लाह्या व दूध वाहतात. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, चिरणे-तळणे टाळतात, चुलीवर तवा ठेवत नाहीत आणि पुरणाची वाफवलेली दिंडं करतात. शेतकऱ्याच्या नांगराखाली पिले मेल्यावर नागीण सूडाने त्याच्या घरच्यांना दंश करून मारते आणि त्याच्या सासुरवाशीण लेकीच्या पूजेने प्रसन्न होऊन सर्वांना जिवंत करते, अशी कहाणी या वेळी सांगतात. नागाची पिले अंड्यांतून बाहेर येण्याचा हंगामही हाच आहे. एक दिवसापुरता का होईना, फाळ थांबवण्याचा हा संकेत निसर्गाच्या वेळापत्रकाशी जुळतो, आणि चित्रातल्या नागाची पूजा जिवंत नागाला वेठीस धरण्यापेक्षा या कहाणीला अधिक धरून आहे.

त्र्यंबकेश्वरी होणारा नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी दोन भागांचा आहे: नारायणबळी सर्पदंशासह अपघाती मृत्यू आलेल्यांच्या सद्गतीसाठी, तर नागबळी नाग मारल्याच्या दोषाचे प्रायश्चित्त म्हणून. यात कणकेच्या नागाचे विधिवत दहन केले जाते. नाग मारणे हे माणूस मारण्यासारखेच पातक मानणारी ही कल्पना लक्षणीय आहे. तेथेच होणारी कालसर्प शांती राहू-केतूंच्या मध्ये सर्व ग्रह येण्याच्या योगाशी निगडित असून तिचा खऱ्या सापाशी संबंध केवळ नावापुरता आहे.

पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापणारा लक्ष्मण शेषाचा अवतार मानला जातो; म्हसरूळजवळील गजपंथाच्या जैन लेण्यांत नागफणांचे छत्र धारण केलेला पार्श्वनाथ आहे. पेठ, सुरगाणा भागातील कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांत वाघबारशीला पुजल्या जाणाऱ्या वाघदेवाच्या लाकडी वा दगडी फळीवर वाघ, सूर्य व चंद्र यांच्या जोडीने नागही कोरलेला असतो. जंगलात गुरे चारणाऱ्याला ज्यांच्याशी मिळूनमिसळून राहणे भाग आहे, त्या सर्वांना तेथे एकाच फळीवर जागा मिळाली आहे.

सर्पदंश व उपचार : २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० जण, दगावल्याचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातले होते आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत गणले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी प्रत्येक दंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली. महाराष्ट्रात या विषयाला मोठे वैद्यकीय योगदान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आहे.

दंशानंतर रुग्णाला धीर द्यावा, चालवू नये, दंश झालेला अवयव फळी लावून हलणार नाही असा ठेवावा, अंगठ्या-कडी-वाळे काढावेत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन करून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. आवळून दोरी बांधणे, ब्लेडने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, जखमेला कोंबडी लावणे यांनी हानीच होते. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. घोणस व फुरशाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, आणि ते ओळखण्यासाठी कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठले की नाही एवढेच पाहावे लागते. ही चाचणी साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले भारतीय बहुजातीय प्रतिविष वरील चार सापांच्या विषावर चालते, चापड्याच्या विषावर मात्र चालत नाही.

पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. भगताने उतरवलेले ‘पान’ बहुधा अशाच दंशांचे असते, परंतु त्या यशाच्या जोरावर पुढचा रुग्णही आधी त्याच्याकडेच नेला जातो. शेतकरी कुटुंबातील व्यक्ती सर्पदंशाने मरण पावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. मात्र त्यासाठी दंशाचा वैद्यकीय पुरावा लागतो, आणि दवाखान्यात न नेता परस्पर अंत्यसंस्कार केलेल्या मृताच्या घरच्यांकडे तो नसतो.