बोअरला लागते ती पाताळगंगा नव्हे

यवतमाळ-वाशीमकडे बोअरला जोरात पाणी लागलं की गावात म्हणतात, "पाताळगंगा लागली, आता आटत नाही." हिमालयातून जमिनीखालून नदी येते, हा समज साफ चुकीचा आहे. इथला बहुतेक खडक काळा बसाल्ट. पाणी साठतं त्याच्या भेगांत, मुरमात, आणि ते इथल्याच पावसाचं.

हे तपासता येतं. हिमालयातल्या बर्फाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, इथल्या पावसापेक्षा कमी असतो; त्यावरून पाणी कुठलं ते कळतं. पाण्याचं वयही कळतं: पाण्यातला ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, १२.३ वर्षांत निम्मा होतो. तो सापडला तर पाणी गेल्या काही दशकांतलं. नाही सापडला, तर कार्बन-१४ वरून, म्हणजे फार सावकाश घटणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून, हजारो वर्षांचा अंदाज बांधतात. पण पाणी जुनं निघालं म्हणून हरखू नका, कृपा करून! जुनं म्हणजे उपसलेलं लवकर भरून न येणारं.