ट्रॅक्टरची नोट आणि लाखांची आवई

‘ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटेला दोन लाख’, ‘वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख’ असले मेसेज वर्षानुवर्षं फिरतायत. त्यामुळे नाणी जमवणारा म्हणजे पैशांची थैली सोडून बसलेला हौशी येडा, असा लोकांचा समज. साफ चूक. ती नोट आजही चलनात आहे आणि वैष्णोदेवीची नाणी २०१२ ची, ढिगाने पाडलेली.

भाव ठरतो दुर्मिळतेवर आणि नाण्याच्या अवस्थेवर, नुसत्या वयावर नाही. शिवराईच घ्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. देव्हाऱ्यात सापडणारी बहुतेक शिवराई महाराजांच्या काळातली नसतेच. हे नाणं पेशवाईत आणि त्यानंतरही पाडलं जात होतं. म्हणून जुन्या बाजारात ती आजही किरकोळ किमतीत मिळते. जाणकार आधी भिंगाखाली एका बाजूचं ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूचं ‘छत्र पति’ आणि अक्षरांचं वळण पाहतो. (आणि कृपा करून चिंचेने घासून आणू नका! चकाकी येते, किंमत जाते.)

‘नाणं विकायचंय? आधी कमिशन भरा’ असा रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन आला, तर सरळ ठेवून द्या. असल्या व्यवहारांशी आपला काडीचा संबंध नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.