आवाज कानाशी, जागा लांबवर

काही पॉप अल्बम वीस वर्षांनीही शिळे होत नाहीत. गाणारा स्वतःशीच बोलल्यासारखा गातो आणि भोवती मोठी, धूसर जागा पसरलेली वाटते. ही जागा स्टुडिओत मोजूनमापून तयार केलेली असते. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला की श्वासही टिपला जातो. मग आवाजाला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा देतात, पण ३० ते ६० मिलिसेकंद उशिरा. तेवढ्या फटीत मूळ आवाज कोरा ऐकू येतो, म्हणून गाणारा शेजारी बसलेला वाटतो. मागून येणारी दोन-तीन सेकंदांची आस, म्हणजे रेंगाळत विरणारा नाद, मात्र सभागृहाचा भास देते. खऱ्या सभागृहात इतकं हळू गायलेलं मागच्या रांगेपर्यंत पोचणारही नाही! घुमाऱ्यातला २०० हर्ट्झच्या आसपासचा आणि खालचा भाग कमी करतात, नाहीतर शब्द गढूळ होतात.

या आसेखाली सिंथचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरचे, मंद थर असतात. पहिल्यांदा ऐकताना लक्ष शब्दांवर असतं, थर नंतर सापडतात. अल्बम टिकण्याचं श्रेय आधी या थरांना द्यावं, शब्दांना नंतर.

पण घरी ही आस पोचते का? इंदुरात विजयनगरच्या नव्या, रिकाम्या फ्लॅटमधली ४×३×३ मीटरची खोली घ्या. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइनचं सूत्र असं: आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद = ०.१६१ × घनफळ ÷ शोषण. घनफळ ३६ घनमीटर. प्लास्टर आणि कोटा फरशी जेमतेम ३ टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर ६६ चौरस मीटर पृष्ठभागाचं शोषण २ भरतं आणि उत्तर येतं २.९ सेकंद. म्हणजे खोली अल्बमइतकीच घुमते आणि दोन्ही आस एकमेकींत कालवल्या जातात. गादी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी शोषण १२ वर नेलं की वेळ अर्ध्या सेकंदावर येतो. रामबागेतल्या सामानाने भरलेल्या जुन्या खोल्या आयत्याच बऱ्या.

नुसते पातळ पडदे लावू नका. ते फक्त वरचे सूर गिळतात. १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब, तिला कापड अडवत नाही. खोली वरून मुकी आणि खालून ढुम्म होते. स्पीकर कोपऱ्यातून अर्धा मीटर तरी पुढे ओढा. एकाने भिंतीवरून आरसा सरकवावा. बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज उसळून कानाशी येतो, म्हणून तिथे गोधडी टांगावी.

रहदारीच्या गोंगाटात मंद थर बुडतात, तेव्हा रात्री ऐकावं. सराफ्याजवळ राहणाऱ्यांना ही सोय नाही, तिथे खाण्याचे ठेले रात्रीच लागतात. त्यांनी कान झाकणारे हेडफोन घ्यावेत.