पाव, ब्रेड महाग झाला, त्यामागं काय काय झालंय

सांगलीत मिसळीबरोबर जादा पाव मागितला की पैसे वेगळे लागतात, स्लाइस ब्रेडचं पाकीट पण दरवेळी थोडं महागच, मग लोक सरळ बेकरीवाल्याला शिव्या घालतात. मला ते पटत नाही, कारण ही वाढ मागून आलेली आहे.

2022 साल बघा. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, दोन्ही देश गव्हाचे मोठे निर्यातदार, जगभर भाव भडकले. त्यात मार्चमध्ये उत्तरेकडं इतकं ऊन पडलं की ऐन दाणा भरायच्या वेळेला गहू होरपळला, आणि 13 मे ला केंद्राने गव्हाची निर्यातच बंद केली. इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेल अडवलं, ते मे मध्ये सुटलं, पण खारी बटरला लागणारं वनस्पती तूप त्याच तेलाचं, म्हणजे बेकरीला दोन्हीकडून मार.

गव्हाचा हमीभाव 2021-22 च्या हंगामात क्विंटलला 1975 होता, 2025-26 ला 2425 झाला. शेतकऱ्याला तो मिळायलाच पाहिजे, त्यावर वाद नाही.

जीएसटीचं पण एक आहे. 2017 पासून साध्या ब्रेडवर शून्य टक्के, ऐकायला भारी वाटतं, पण विक्रीवर करच नसला की आधी भरलेला कर वजा करायला जागा राहत नाही, त्यामुळंच बेकरीवाल्याला प्लास्टिक पिशवीवर भरलेला 18 टक्के कर परत मिळत नाही, तो शेवटी ब्रेडच्या किमतीतून आपल्यावरच येतो.

आता वजनाचं, हे खरं महत्त्वाचं. पूर्वी नियमच होता की पाकिटातला ब्रेड 100 ग्रॅमच्या पटीतच विकायचा, 200, 400, 800 असा. त्यामुळं खर्च वाढला की किंमत उघड वाढवावी लागायची. 2021 च्या दुरुस्तीत हे ठरलेल्या वजनाचं बंधन काढून टाकायचं ठरलं आणि बदल्यात पाकिटावर ग्रॅममागं किती पैसे पडतात ते छापायला लावलं. म्हणजे समजा पाकिटाची किंमत तीच ठेवून 400 ग्रॅमचं 380 केलं तर पाच टक्क्यांहून जास्त वाढ झाली, आणि मोठ्या अक्षरातली किंमत बघणाऱ्याला ते कळणारच नाही. बारीक अक्षरातला तो ग्रॅमचा दर वाचा, दोन कंपन्यांची पाकिटं शेजारी धरून वाचा.

सुट्ट्या लादीवर मात्र काहीच छापलेलं नसतं, तिथं वजन करून मागा, बेकरीत काटा असतोच.