निफाडचा पारा आणि थंडीतले ढग

डिसेंबर उजाडला की बातम्यांत निफाडचा पारा सुरू होतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा नाशिक शहरापेक्षा बहुतेक वेळा खालीच असतो. मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. मग एखाद्या दिवशी आभाळ भरून येतं, पारा एका रात्रीत चढतो आणि बागायतदाराला तडकण्याऐवजी भुरी-डावणी या बुरशीजन्य रोगांची धास्ती लागते. निरभ्र रात्री जमीन दिवसभराची उष्णता आकाशात सोडून देते, ढग असले तर त्यातली बरीचशी खालीच अडकते. म्हणजे आपल्याकडे उद्याच्या थंडीचा अंदाज हा बराचसा ढगांचाच अंदाज असतो. हवामान खात्याचा जन्म मात्र थंडीसाठी झालाच नव्हता.

१८६४ साली कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला आणि १८७५ मध्ये हे खातं उभं राहिलं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. ते हिवाळ्याकडे बघत, पण मान्सूनपुरते: हिमालयात हिवाळी बर्फ जास्त पडला तर पुढचा पाऊस उणा, असा संबंध त्यांनी मांडला आणि त्यावरूनच मान्सूनचे पहिले अंदाज निघाले. लोकपरंपरेचंही फारसं वेगळं नाही. पावसापाण्याचे ठोकताळे सांगणारी सहदेव-भाडळीची मतं चाळली तर बहुतेक सारी नजर पावसाळ्यावर. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, त्यामुळे हिवाळी पाऊस हा कुणाच्या हिशेबात धरलेला नसतो. म्हणूनच तो ‘अवकाळी’.

ढगांची आज जगभर चालणारी वर्गवारी लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने १८०२ मध्ये मांडली. सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस ही नावं त्याचीच. १८९६ मध्ये ढगांचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह निघाला. आपल्या हिवाळ्यात यातले सिरस कुळातले ढग महत्त्वाचे. सहा-सात किलोमीटरवर बर्फकणांचा विरळ पडदा पसरतो आणि चंद्राला खळं पडतं. खळं पडलं की पाऊस येणार, असं जुनी माणसं म्हणतात. तो दरवेळी येत नाही, पण म्हणण्याला आधार आहे: भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारा पश्चिमी चक्रावात (वेस्टर्न डिस्टर्बन्स) उत्तर भारतात पोचतो तेव्हा त्याची ही वरची किनार पुष्कळदा महाराष्ट्रावरही दिसते. तो पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात आणि थंडी परतते. ही ये-जा वरच्या हवेत चालते, त्यामुळे फुग्यांनी उंचावरचे वारे मोजणं सुरू होईपर्यंत तिचा नीट माग लागत नव्हता.

खात्याचं मुख्यालय १९०५ मध्ये शिमल्याला आणि १९२८ मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण १९३२ मध्ये सुरू झालेला कृषी हवामान विभाग पुण्यातच राहिला. या विभागाचे एल. ए. रामदास यांनी एस. आत्मनाथन यांच्यासह त्याच वर्षी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केलं. शांत, निरभ्र रात्री सगळ्यात गार थर जमिनीला चिकटून नसतो, तो काही इंच ते फूटभर वर असतो. जमिनीलगत सर्वाधिक थंडी असणार हे सगळे गृहीत धरून चालले होते, त्यामुळे हे मान्य व्हायला वेळ लागला. माझ्या मते आपल्या हिवाळ्याबद्दलचं हे सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी माहीत असलेलं काम आहे.

निरभ्र रात्री गवत आणि त्याच्या आसपासची हवा माणसाच्या उंचीवरच्या हवेपेक्षा बरीच गार होते, म्हणूनच महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवतावर हिमकण दिसतात आणि खात्याचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर टांगलेला असतो. दोन्ही बातम्या खऱ्या, मोजण्याची जागा वेगळी.

१९४५ मध्ये आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त सुरू झालं, २००८ मध्ये जिल्हावार कृषी सल्ला आला. अंदाजाची भाषा मात्र अजून गोंधळात टाकते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर. ‘हलका पाऊस’ म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. तालुक्यात एका गावात सरी आल्या आणि शेजारचं गाव कोरडं राहिलं, तरी अंदाज बरोबरच ठरतो. यावर विनोद खूप होतात, काही रास्तही असतात.

गारपिटीपुढे ही भाषा तोकडी पडते. बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा आणि वरून जाणारे पश्चिमी वारे विदर्भ-मराठवाड्यावर गाठ घेतात तेव्हा ढग उंच चढतात. ज्या उंचीवर तापमान शून्य अंश होतं ती पातळी पावसाळ्यात पाच किलोमीटरच्या वर असते. हिवाळ्यात ती बरीच खाली असते, त्यामुळे गारा वितळायच्या आत जमीन गाठतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात हेच पुन्हा पुन्हा घडलं. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षं झोडपली गेली. अशी शक्यता एक-दोन दिवस आधी जिल्ह्यापुरती सांगता येते. नेमका कोणता ढग गारा टाकणार हे तो वाढू लागल्यावर रडारवरच कळतं, आणि खात्याचा तात्कालिक इशारा पुढच्या तीन तासांपुरताच असतो.