अडचणीच्या दिवसाची तालीम : नव्या उद्योजक ग्राहकांसाठी

आपले हिशेब हाती घेताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. उद्या सकाळी बँकेतून पैसे निघालेच नाहीत, तर पगार कशातून कराल? उत्पादनाबद्दल तासभर बोलणारे संस्थापक इथे थबकतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

असे घडून गेले आहे. ९ मार्च २०२३ या एका दिवसात अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर परत मागितले. दुसऱ्या दिवशी नियामकांनी बँक बंद केली. ठेवविम्याची, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला हमखास परत मिळणाऱ्या रकमेची, मर्यादा २,५०,००० डॉलर होती आणि कित्येक स्टार्टअपच्या ठेवी त्याहून खूप मोठ्या होत्या. रविवारी सरकारने सगळ्या ठेवींची हमी दिली, सोमवारी पैसे खुले झाले. तोवर पगार तोंडावर आलेल्यांच्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते. म्हणून दुसऱ्या बँकेत खाते असू द्या, त्यात निदान दोन महिन्यांचे पगार ठेवा आणि अधूनमधून त्यातून खरा व्यवहार करा. कधीच न वापरलेल्या खात्याचा पासवर्ड नेमका गरजेच्या दिवशी सापडत नाही.

बॅकअपचेही तेच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या कंपनीत रात्री दमलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप अयशस्वी होत होता आणि तसे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने कंपनी वाचवली. त्यानंतर कंपनी जशी वागली ते आम्हाला फार मोलाचे वाटते. दुरुस्तीच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, चुकलेल्या माणसाला जगापुढे उभे केले नाही आणि दोष यंत्रणेत शोधला. आपल्याकडे चूक करणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत ती तुमच्याजवळ बोलायची हिंमत होईल का? नेतृत्वाची खरी परीक्षा आम्ही इथे मानतो. ज्याला ओरडा खावा लागतो, तो पुढच्या वेळी आधी लपवतो. मग तुम्हाला ते ग्राहकाच्या तोंडून कळते.

त्यामुळे महिन्यातून एकदा, कामाचा ताण नसताना, बॅकअपमधून एक फाइल प्रत्यक्ष परत आणून बघा. आणि एक दिवस स्वतः फोन बंद ठेवा. कोणते काम तुमच्यावाचून अडले, याची यादी संध्याकाळी आयती मिळेल. पैसे देण्याची मंजुरी, डोमेनचे नूतनीकरण, मोठ्या ग्राहकाशी बोलणे ही कामे बहुधा तिच्यात असतील. प्रत्येकासमोर दुसरे नाव लिहा आणि त्या व्यक्तीला अधिकारही द्या. नुसते नाव लिहून भागत नाही.

रोख किती महिने पुरेल, हे काढणे सोपे आहे. शिल्लक भागिले दरमहाची निव्वळ घट, म्हणजे महिन्याचा खर्च वजा महिन्याची जमा. शिल्लक ९० आणि घट १५ असेल, तर ६ महिने. येणे असलेली बिले यात धरू नका, जमा झालेलेच पैसे धरा. खर्च कुठे आणि कोणत्या क्रमाने कमी करायचा, हे हा आकडा ६ वर असतानाच ठरवा. तो २ वर आला की शांतपणे विचार करणे अवघड होते.

पुढच्या भेटीला येताना हा आकडा आणि फोन बंद ठेवलेल्या दिवसाची यादी आणा. आपण समोरासमोर बसून ती पाहू.